बेट एक, बेत दोघांचा

लग्नाचा हॉल बघायला दोन्हीकडची मिळून दहा माणसं जातात. पंगतीत जिलेबी की गुलाबजाम, यावर तर अख्खी बैठक होते. पण त्या गर्दीतून शेवटी जे दोघंच उरणार असतात, त्यांच्या पहिल्या मोठ्या सहलीचा बेत मात्र बहुतेक वेळा एकटंच माणूस करतं. रात्री दीड वाजेपर्यंत लॅपटॉप उघडून तिकिटांचे भाव तोच बघतो, किंवा तीच बघते. दुसरं माणूस मोबाइलमधून मान वर करून म्हणतं, ‘तू ठरवशील ते. मला काहीही चालेल.’

‘मला काहीही चालेल’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण ते खरं क्वचितच असतं. हॉटेलच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही किंवा जेवणात तिसऱ्या दिवशीही मासेच आहेत हे लक्षात आलं, की ‘काहीही’ची यादी हळूहळू बाहेर यायला लागते. तोपर्यंत पैसे भरलेले असतात. मग ज्यानं ठरवलं तो आरोपी आणि ज्यानं काहीच ठरवलं नाही तो फिर्यादी. हे लोणावळ्याला झालं तर दीड तासात घरी येता येतं. बार्बाडोसला झालं तर?

बार्बाडोस हे नाव उगाच घेतलेलं नाही. मालदीव झालं, बाली झालं, थायलंड तर आता ऑफिसच्या पिकनिकलाही जातात. त्यामुळे ‘जरा वेगळं’ शोधणाऱ्या जोडप्यांच्या यादीत कॅरिबियन बेटं यायला लागली आहेत. निळंशार पाणी, पांढरी वाळू आणि कानावर रेगे अशी तीन सेकंदांची रील पाहून मन तिथे पोचलेलंच असतं. शरीर पोचवायचं एवढंच बाकी. आमचं म्हणणं इतकंच, की हे पोचवण्याचं काम दोघांनी मिळून करा. प्रेम वाढतं वगैरे म्हणून नाही, तर या प्रवासातला जवळजवळ प्रत्येक निर्णय दोघांवर वेगवेगळा येऊन पडतो म्हणून.

पहिली गोष्ट म्हणजे ‘कॅरिबियन’ नावाचं एक ठिकाण नाही. जमैकातलं किंग्स्टन आणि बार्बाडोसमधलं ब्रिजटाउन यांच्यातलं अंतर मुंबई-कोलकात्यापेक्षा जास्त आहे. अनेक बेटांचे देश वेगळे, चलनही बऱ्याचदा वेगळं, नियमही वेगळे. ‘तीन बेटं करू’ म्हणणारे जोडपी-प्रवासी सुट्टीचा मोठा भाग विमानतळावर बॅगा मोजत घालवतात. पहिल्या खेपेला एकच बेट घ्या. बार्बाडोस त्यासाठी चांगलं आहे. साधारण ३४ किलोमीटर लांब, २३ किलोमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळात आपल्या मुंबईपेक्षाही लहान. इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं धावतात आणि पर्यटक म्हणून जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला तिथला व्हिसा लागत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून बरेच जण थेट तिकिटांकडे धावतात, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते. मुंबईहून बार्बाडोसला थेट विमान नाही. कुठेतरी उतरून विमान बदलावं लागतं, आणि ज्या देशात बदलणार त्या देशाचा कायदा मध्ये येतो. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जायचं तर अमेरिकेचा व्हिसा पाहिजेच. ‘आम्ही विमानतळाबाहेर पडणारच नाही हो’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही, कारण विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायची सोयच त्यांच्याकडे नाही. लंडनमार्गे जायचं तर भारतीय पासपोर्टवर साधारणपणे ट्रान्झिट व्हिसा लागतो, अगदी आतल्या आत विमान बदलणार असलात तरी. काही जणांना सूट मिळते, पण ती कुणाला आणि कशावरून हे ब्रिटिश सरकारच्या अधिकृत पानावर वाचून ठरवायचं. मित्राच्या चुलतभावाचा अनुभव इथे पुरावा म्हणून धरू नये. त्यात एक विमान हीथ्रोला उतरणारं आणि दुसरं गॅटविकवरून सुटणारं असेल, तर लंडन शहराच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला बॅगांसकट जावं लागतं. म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेश आलाच, आणि त्यासाठीचा व्हिसा वेगळ्या प्रकारचा. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली तरीही बॅगा मध्येच घेऊन पुन्हा द्याव्या लागू शकतात. वाचलेले आठ हजार रुपये इथे पूर्ण वसूल होतात.

आता हे जोडप्याच्या नजरेतून बघा. पुण्या-मुंबईत अशी कितीतरी जोडपी आहेत, ज्यांच्यातल्या एकाकडे कंपनीच्या कामामुळे अमेरिकेचा व्हिसा आहे आणि दुसऱ्याकडे फक्त कोरा करकरीत पासपोर्ट. तिकीट शोधणारा जर तो व्हिसावाला असेल, तर त्याला अमेरिकेमार्गे स्वस्त आणि सोयीचा रस्ता दिसतो. दुसऱ्यासाठी तो रस्ता बंद असतो, आणि अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच कित्येक महिने जाऊ शकतात. दोन पासपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्याशिवाय तिकिटाची साइट उघडायचीच नाही, हा नियम म्हणून करून टाका. दोन्हींची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक आहे ना, तेही तेव्हाच दिसेल.

आणि नाव. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. लग्नाच्या पत्रिकेवरच्या किंवा नव्या आधार कार्डवरच्या नावाशी नव्हे. उत्साहाच्या भरात नवऱ्यानं बायकोचं तिकीट स्वतःच्या आडनावानं काढायचं आणि पासपोर्टवर तिचं माहेरचं नाव असायचं, हा घोळ आपल्याकडे नवा नाही. नाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे. पण सहलीची तारीख जवळ आली म्हणून घाईत तो सोडवू नका. जुन्या नावाचा वैध पासपोर्ट घेऊन मधुचंद्राला गेलं तर कुणीही अडवत नाही.

महिना कुठला, हा दुसरा मोठा निर्णय. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, आणि त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर हा जोराचा काळ. बार्बाडोस हे कॅरिबियन साखळीच्या पूर्वेला, जरा बाजूला पडल्यामुळे अनेक वादळं त्याला चुकवून जातात. पण ‘अनेक’ म्हणजे सगळी नव्हेत. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारतानं दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि त्यानंतर अख्खी टीम तिथेच अडकून पडली, ते आठवतंय ना? ते बेरिल वादळ. त्याचा केंद्रबिंदू बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेला, तरी तिथल्या मच्छीमारांच्या कितीतरी बोटी फुटल्या, आणि शेजारच्या ग्रेनाडा देशातलं करियाकू बेट तर उद्ध्वस्त झालं. आपल्या संघासाठी खास विमान गेलं आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. तुमच्या-आमच्यासाठी खास विमान येणार नाही. तेव्हा वादळामुळे प्रवास रद्द झाला तर काय मिळणार हे स्पष्ट लिहिलेला प्रवास विमा तिकिटाबरोबरच घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर विमा घ्यायला धावलात, तर त्या वादळाचं नुकसान सहसा त्यात धरलं जात नाही.

डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा सर्वात छान, आणि भावही सर्वात चढे. कारण थंडीनं गारठलेले ब्रिटिश, कॅनेडियन आणि अमेरिकन लोक याच दिवसांत तिथे येतात. आपल्याकडचा लग्नाचा मुख्य हंगामही नेमका तोच. आमचं मत विचाराल तर एप्रिलचा शेवट ते मे हा काळ बघा. भाव उतरलेले असतात, पाऊस अजून लागलेला नसतो आणि वादळांचा हंगाम दाराबाहेर थांबलेला असतो. डिसेंबरात लग्न आणि मेमध्ये सहल, असं केलं तर बिघडतं काय? उलट तोवर आहेराच्या पाकिटांचा हिशेब लागलेला असतो. दोघांच्या रजा जुळत नसतील तरी हा अवधी कामी येतो. रजेचंही तसंच आहे. एकाची कंपनी पंधरा दिवस देते, दुसरी शाळेत शिकवते आणि तिला सुट्टी फक्त मेमध्ये. महिना हवामानावरून ठरवायचा, पण आधी ज्याची रजा कमी लवचीक त्याच्यापासून सुरुवात करायची.

एक वास मारणारा मुद्दाही सांगून ठेवतो. सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ २०११पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊन पडतंय. सडलं की कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बार्बाडोसमध्ये त्याचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला जास्त, पश्चिमेला कमी. वसंत आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत ते अधिक येतं, म्हणजे मेमध्येही गाठ पडू शकते. हॉटेलच्या साइटवरच्या फोटोत ते कधीच दिसणार नाही. म्हणून अलीकडच्या महिन्यातल्या पाहुण्यांनी काढलेले फोटो शोधून बघा.

किनाऱ्यांचं म्हणाल तर या छोट्याशा बेटाला चक्क दोन स्वभाव आहेत. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र. शांत, उथळ, तळ दिसेल इतका स्वच्छ. पोहायला न येणाऱ्यालाही कमरेएवढ्या पाण्यात बिनधास्त उभं राहता येतं. होलटाउन आणि त्याच्या आसपासची श्रीमंत हॉटेलं याच बाजूला. पूर्वेला अटलांटिक. बाथशेबाला मोठमोठे खडक आणि त्यांच्यावर आपटणाऱ्या लाटा. सर्फिंग करणारे जगभरातून इथे येतात, पण साध्या पोहणाऱ्यानं आत जाऊ नये इतके प्रवाह ओढणारे. दक्षिण किनारा या दोन्हींच्या मधला. थोड्या लाटा, थोडी गर्दी, बसची सोय, आणि खिशाला पश्चिमेपेक्षा बराच सोसणारी गेस्टहाउसं. पहिल्यांदा जाणाऱ्या तरुण जोडप्यानं दक्षिणेला राहावं. पश्चिमेला पोहायला जावं आणि बाथशेबाला दुपारभर नुसतं बसावं. बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवरही तुमचा तितकाच हक्क. खुर्ची मात्र त्यांची.

इथे पुन्हा तोच प्रश्न. तुमच्यापैकी कोणाला पोहता येतं? एकाला येतं आणि दुसऱ्याला पाण्याची भीती वाटते, हे लग्न ठरेपर्यंत कित्येकांना माहीतच नसतं. पाण्याच्या खेळांचं पॅकेज आधी विकत घेऊन नंतर ‘अगं, काही होत नाही, चल ना’ असा आग्रह करण्यात मजा नाही. कार्लाइल बेमध्ये उथळ पाण्यात बुडालेली जहाजं आणि समुद्री कासवं बघता येतात. त्यासाठी फिन आणि मास्क लावून तोंड पाण्यात घालता यायला हवं. सहलीला तीन-चार महिने असतील तर जवळच्या तलावावर पोहण्याचा क्लास लावा. तिथे भरलेली फी बेटावर सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

आता पैसे. या विषयावर आपली पिढी विचित्र वागते. स्टार्टअपचं मूल्यांकन, म्युच्युअल फंड यावर तासभर बोलेल, पण ‘या ट्रिपसाठी तुझ्याकडे खरंच किती आहेत?’ हे विचारायला लाजेल. बार्बाडोस स्वस्त नाही. बरंचसं धान्य, भाजी, सामान बाहेरून येतं, त्यामुळे दुकानातल्या साध्या वस्तूही महाग वाटतात. हॉटेलच्या दरावर कर आणि सेवाशुल्क वेगळं लागू शकतं, तेव्हा बुकिंग करताना शेवटचा आकडा बघायचा, पहिला नाही. परदेशी सहलीचं पॅकेज घेताना टीसीएस कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण हातातून आज जातो. आणि तो ज्याच्या पॅनवर कापला जातो त्याच्याच खात्यात दिसतो. खर्च निम्मा-निम्मा असेल तर हेही आधी बोलून घ्या.

निम्मा-निम्मा हेच न्याय्य, असंही नाही. एकाला महिन्याला लाख मिळत असतील आणि दुसरी पीएचडीच्या स्टायपेंडवर असेल, तर समान वाटणी म्हणजे एकाचा चहा आणि दुसरीची वर्षभराची बचत. पगाराच्या प्रमाणात वाटा, किंवा एकानं तिकिटं आणि दुसरीनं तिथला रोजचा खर्च असं करा. कसंही करा, पण रक्कम दोघांना दिसेल अशा एका कागदावर लिहा. ‘सरप्राइज आहे, तू पैशाचं विचारू नकोस’ हे सिनेमात छान दिसतं. घरात मात्र पुढची बारा महिने क्रेडिट कार्डाचे हप्ते येतात आणि ते सरप्राइज राहत नाहीत. हप्त्यावर सुट्टी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. फ्रिज हप्त्यावर घेतला तर निदान फ्रिज तरी घरात असतो. पैसे कमी पडत असतील तर बेट कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी जा. आईबाबांनी ‘आमच्याकडून भेट’ म्हणून पॅकेज दिलं तर आनंदानं घ्या, पण कुठे आणि कधी हे ठरवायचा अधिकार तेवढा मागून घ्या.

तिथे पोचल्यावरचा एक गमतीचा गोंधळ. बार्बाडोसचा स्वतःचा डॉलर आहे आणि दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर १९७५पासून बांधलेला आहे. अमेरिकी नोटाही बहुतेक ठिकाणी घेतात. मेनूवर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. हॉटेलांच्या आणि सहलींच्या साइट बऱ्याचदा अमेरिकी डॉलरमध्ये बोलतात, गावातलं हॉटेल स्थानिक डॉलरमध्ये. त्यामुळे कधी निम्म्या किमतीला घाबरून उपाशी उठाल, तर कधी दुप्पट किमतीला ‘अरे स्वस्त आहे’ म्हणून हो म्हणाल. ‘कोणता डॉलर?’ हा प्रश्न बिनलाज विचारा.

सगळं काही आत मिळणारं, ‘ऑल इन्क्लुजिव्ह’ रिसॉर्ट घ्यावं का? थकलेल्या जीवाला ते मोहक वाटतं. मनगटाला पट्टा बांधला की खाणं-पिणं मोफत. पण पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर आपला मराठी जीव गेटबाहेर पाऊलच टाकत नाही. बाहेर जेवलो तर आतलं फुकट गेलं ना! मग चोवीस तासांहून जास्त प्रवास करून गाठलेलं बेट तसंच राहतं, आणि आपण जगात कुठेही असू शकेल अशा एका तलावाकाठी बसून परत येतो. त्यापेक्षा फक्त नाश्ता देणारी खोली घ्या. झेडआर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या, लाल-तपकिरी पट्ट्याच्या व्हॅनमध्ये बसा. मोठ्यानं गाणी लावून, माणसं दाटीवाटीनं कोंबून त्या पळत असतात. आपल्याकडच्या वडापची सवय असलेल्याला घरच्यासारखं वाटेल. अंतर कितीही असो, भाडं एकच, साडेतीन स्थानिक डॉलर. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. दुकानात, बसमध्ये, काउंटरवर आधी अभिवादन आणि मग काम, ही तिथली रीत आहे. थेट ‘हाऊ मच?’ म्हणणारा माणूस उद्धट समजला जातो.

खाण्याबद्दल दोघांनी घरीच खरं बोलून घ्यावं. मासे खाणाऱ्यासाठी बेट म्हणजे पर्वणी. कूकू आणि फ्लाइंग फिश ही तिथली राष्ट्रीय डिश. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घालून घोटलेला घट्ट गोळा, आपल्या उकडीच्या जवळचा. मेनूवर ‘डॉल्फिन’ दिसला तर दचकू नका, तो माही-माही नावाचा मासा आहे, पाण्यातून उड्या मारणारा डॉल्फिन नव्हे. शाकाहारी माणसाचं मात्र जरा अवघड. मॅकरोनी पाय, तळलेली पिकलेली केळी, ब्रेडफ्रूट म्हणजे आपला कोकणातला विलायती फणस, हे मिळतं. भातात घातलेले ‘पीज’ म्हणजे आपली तूर, हे कळल्यावर आनंद होतो. पण तो भात शिजवताना खारवलेलं मांस घालायची पद्धत आहे, त्यामुळे विचारून घ्या. ठेपले आणि मेतकूट नेण्यात काहीही कमीपणा नाही, फक्त ताजी फळं-भाज्या आणि घरचं लोणचं बॅगेत भरण्याआधी तिथले कस्टमचे नियम बघा.

बॅगेतून एक गोष्ट आठवणीनं काढा. लष्करी छापाचे कपडे. मित्रांच्या ट्रेकला घातलेली ती चट्ट्यापट्ट्याची कार्गो पँट, टोपी, अगदी पाठीवरची सॅकसुद्धा. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकानं ते वापरणं कायद्यानं गुन्हा आहे. जमैका आणि त्रिनिदादमध्येही तसंच. आणि किनाऱ्यावरच्या झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा दिसला तर त्याखाली सावलीला बसू नका. ते मँचिनील. त्याचं हिरवं, सफरचंदासारखं फळ विषारी आहे, आणि पावसात त्याच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंही कातडी भाजते. अचानक सर आली म्हणून दोघं रोमँटिकपणे झाडाखाली पळालात, तर आठवण भलतीच राहील.

बार्बाडोसऐवजी त्रिनिदादचं मन झालं, तर आणखी एक कागद लागतो. त्रिनिदाद पीतज्वराच्या जोखमीच्या यादीत आहे. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. पण त्रिनिदादला जाण्यात एक वेगळा आनंद आहे. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ जहाजातून भारतातले पहिले करारबद्ध मजूर तिथे उतरले. त्यांच्या वंशजांच्या हातचं ‘डबल्स’, म्हणजे दोन मऊ बाऱ्यांमध्ये भरलेले चणे, सकाळी रस्त्यावर उभं राहून खाताना तुम्ही फार लांब आलाय असं वाटत नाही.

आणि जोडपं म्हणजे दरवेळी एक मुलगा आणि एक मुलगीच असं नाही. या पानाच्या वाचकांना ते सांगायची गरज नाही. पण बेट निवडताना फरक पडतो. बार्बाडोसच्या उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. जमैकात तसा कायदा अजून आहे. त्रिनिदादमध्ये २०१८मध्ये मिळालेला दिलासा मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयानं काढून घेतला. रीलमध्ये तिन्ही बेटांची वाळू सारखीच पांढरी दिसते.

आता केन्सिंग्टन ओव्हल. दोघांपैकी एक क्रिकेटवेडा असेल, तर त्याला तिथे अर्धा दिवस हवाच असणार. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. १९७१च्या दौऱ्यात याच मैदानावर दिलीप सरदेसाईंनी १५० आणि सुनील गावसकरांनी नाबाद ११७ केल्या. १९९७मध्ये १२० धावांचा पाठलाग करताना सचिनचा संघ इथेच ८१ वर गारद झाला. १९६२मध्ये नरी कॉन्ट्रॅक्टरांच्या डोक्यावर चेंडू आदळला तोही इथेच, आणि त्यांच्यासाठी रक्त द्यायला वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आला. आपल्या बापू नाडकर्णी आणि चंदू बोर्डे यांनीही दिलं. हे सगळं ऐकवायला एकाला आवडेल. दुसऱ्याला कदाचित त्याच वेळी ब्रिजटाउनच्या जुन्या गल्ल्या बघायच्या असतील, उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचा इतिहास वाचायचा असेल. शहराचा तो जुना भाग २०११पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि १८१६च्या उठावाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या बुसाच्या नावानं ओळखला जाणारा, साखळ्या तोडलेल्या माणसाचा पुतळा बेटावर उभा आहे. किंवा कुणाला काहीच करायचं नसेल, पुस्तक घेऊन झोपायचं असेल.

मग तीन तास वेगवेगळं फिरा की! पहिल्या सहलीत एकमेकांना सोडून जायचं म्हणजे भांडण झालं, असं कुणी ठरवलं? आठ दिवस चोवीस तास एकत्र राहायची सवय आपल्यापैकी कुणालाच नसते, प्रेम कितीही असो. कार्यक्रम आखताना एक दुपार ‘आपापली’ म्हणून लिहून ठेवा. संध्याकाळी भेटल्यावर सांगायला दोघांकडे काहीतरी असेल.

कागदपत्रांच्या प्रती दोघांच्याही फोनमध्ये आणि एक संच छापील ठेवा. विम्याचे दोन्ही क्रमांक, हॉटेलचा पत्ता, परतीची तिकिटं, प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मची पोच. एकाचाच फोन पाण्यात पडला तर सगळी सहल त्याच्याबरोबर बुडू नये. लग्न झालेलं नसेल आणि घरी ‘ऑफिसच्या ग्रुपबरोबर जातेय’ असं सांगितलं असेल, तर निदान एका भरवशाच्या भावंडाला किंवा मैत्रिणीला खरा पत्ता माहीत असू द्या. आणि ज्यांच्या घरी सगळं माहीत आहे, त्यांनी आईला वेळेचा हिशेब आधीच समजावून सांगा. बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. आई सकाळी साडेदहाला ‘जेवलात का?’ म्हणून फोन करते तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजलेला असतो. तुमच्या सकाळी अकराला इथे रात्रीचे साडेआठ, तो वेळ दोन्हीकडे बरा.

तिकिटाच्या तारखा पक्क्या करण्याआधी एवढंच बघा, की मुक्कामात एक शुक्रवार मोकळा पडतोय ना. शुक्रवारी संध्याकाळी दक्षिणेकडच्या ऑइस्टिन्स गावात मासळीबाजाराशेजारी चुली पेटतात, लाकडी बाकांवर पर्यटक आणि गावकरी एकत्र बसतात, आणि कडेला म्हातारी जोडपी जुन्या गाण्यांवर नाचत असतात. पोचण्याचा दिवस शुक्रवार ठेवू नका. प्रवासाच्या शिणवट्यानं रात्री आठलाच डोळे मिटतील.